चंद्रावरील पर्वतांचे नामकरण

चंद्राच्या दृश्य बाजूच्या आग्नेय भागात जान्सेन नावाचे सुमारे २०० किलोमीटर व्यासाचे एक जीर्ण विवर आहे. त्याच्या नैर्ऋत्येकडील तटावर लॉकियर हे सुमारे ३५ किलोमीटर व्यासाचे दुसरे विवर आढळते. हेलियमच्या इतिहासात जी दोन नावे एकत्र उच्चारली जातात, तीच चंद्राच्या नकाशावरही परस्परांना लागून आहेत. यांपैकी लॉकियर हे नाव रत्नागिरीच्या वाचकास अपरिचित नाही. २२ जानेवारी १८९८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाचे निरीक्षण करण्यासाठी नॉर्मन लॉकियर हे विजयदुर्ग येथे आले होते. विजयदुर्ग त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात होता. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाल्यापासून तो त्या जिल्ह्यात मोडतो. तेथील चौथऱ्यांना लोकांनी ‘साहेबाचे ओटे’ असे नाव दिले व ते आजही टिकून आहे.

हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, अशी एक समजूत प्रचलित आहे. घटनाक्रम मात्र निराळा आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन यांनी गुंटूर येथून सूर्याच्या तेजःशृंगांचा वर्णपट पाहिला. त्याच वर्षी २० ऑक्टोबर रोजी लॉकियर यांनी इंग्लंडमध्ये, ग्रहणाची वाट न पाहता, तसाच वर्णपट मिळविला. त्यातील पिवळ्या रेषेचा अर्थ लावताना हेलियमची कल्पना पुढे आली आणि १८९५ मध्ये रॅम्झे यांनी हा वायू पृथ्वीवर वेगळा केला. म्हणजे लॉकियर विजयदुर्गास आले तेव्हा हेलियम तीन वर्षे प्रयोगशाळेत ज्ञात होता. त्यामुळे विजयदुर्गाच्या निरीक्षणांचे महत्त्व कमी होत नाही. परंतु स्थळ, व्यक्ती व शोध यांचा संबंध नावावरून ठरविणे किती फसवे असते, हे यावरून ध्यानात येते.

एकाच व्यक्तीच्या स्मृतीची ही दोन नावे दोन भिन्न रीतींनी पडली आहेत. ओट्यांचे नाव गावाने दिले. विवराचे नाव नकाशाने दिले. पृथ्वीवरील पर्वतांची नावे बहुतांशी पहिल्या प्रकारची असतात. सह्याद्रि हे नाव कोणा समितीने ठरविलेले नाही, आणि रत्नागिरी या नावातील ‘गिरि’ही लोकांच्या बोलण्यातूनच आला. चंद्रावर वस्ती नाही, वाटसरू नाही, गुराखी नाही. तेथील प्रत्येक नाव नकाशा काढणाऱ्याने दिलेले आहे. म्हणून चंद्रावरील पर्वतांच्या नावांचा विचार हा वस्तुतः नकाशांच्या इतिहासाचा विचार आहे. उंच पर्वताला नाव असतेच असे नाही आणि थोर पुरुषाचे नाव लागतेच असेही नाही. जेथे नकाशाला नावाची गरज पडली तेथे नाव पडले, आणि ज्याने नकाशा केला त्याच्या परिचयातील नाव पडले. पुढील विवेचनात हे सूत्र तपासून पाहावयाचे आहे.

चांद्रपर्वताचे स्वरूप

पृथ्वीवरील हिमालय किंवा आल्प्स हे वलित पर्वत भूपृष्ठाच्या खंडांच्या टकरीमुळे उभे राहिले. चंद्रावर अशी क्रिया घडल्याचे आढळत नाही. तेथील मोठ्या पर्वतरांगा बव्हंशी प्रचंड आघातद्रोणींच्या कडा होत. सुमारे ३९० कोटी वर्षांपूर्वी एका मोठ्या आघातामुळे जी द्रोणी निर्माण झाली, तिच्यात पुढे लाव्हा भरून मारे इंब्रियम हा ‘सागर’ झाला. त्याच्या आग्नेयेकडील उरलेला काठ म्हणजे अपेनाइन रांग. कॉकेशस, आल्प्स व कार्पेथियन या चंद्रावरील रांगाही त्याच द्रोणीच्या काठाचे तुकडे आहेत.

दुसरा प्रकार विवरांच्या मध्यभागी असलेल्या शिखरांचा. आघातानंतर दाबलेला खडक उसळून वर आल्याने ही शिखरे बनतात. तिसरा प्रकार एकाकी शिखरांचा. लाव्हाच्या मैदानातून डोके वर काढलेली पीको व पीतोन ही शिखरे बुडालेल्या जुन्या भूरचनेचे अवशेष आहेत. चौथा प्रकार ज्वालामुखीय घुमटांचा; र्‍यूमकर हा त्याचा ठळक नमुना होय. डिसेंबर १९२० नव्हे, तर अगदी अलीकडे, १ डिसेंबर २०२० रोजी, चीनचे चांग-अ ५ हे यान या घुमटसमूहाच्या परिसरातील मैदानात उतरले, त्यामुळे हे नाव पुन्हा अभ्यासकांच्या तोंडी आले.

या चारही प्रकारांना अधिकृत नामावलीत एकच लॅटिन जातिवाचक शब्द लावतात : एकवचनी ‘मॉन्स’ आणि अनेकवचनी ‘माँतेस’. नामावली ही आकारावरून चालते, उत्पत्तीवरून नव्हे. नाव देताना उत्पत्तीचा सिद्धांत गृहीत धरला, तर सिद्धांत बदलताच नाव खोटे ठरेल. म्हणून हा संयम पाळला जातो.

हेवेलियस आणि रिच्चोली

गॅलिलिओने १६१० मध्ये चंद्रावरील शिखरांची उंची अजमावली. छायारेषेच्या पलीकडे, अंधारात, प्रकाशित दिसणाऱ्या बिंदूंच्या अंतरावरून त्याने हे गणित केले. परंतु त्याने कोणत्याही पर्वतास नाव दिले नाही. नामकरणाचा पहिला व्यापक प्रयत्न १६४५ मध्ये वान लांग्रेन याने केला. त्याच्या नकाशात राजे, सरदार व संत यांची दाटी होती. आश्रयदात्यांना खूष करणारी ही नावे राजकीय सीमा ओलांडू शकली नाहीत व बहुतेक लुप्त झाली. त्याने स्वतःचे नाव दिलेले विवर मात्र अद्याप लांग्रेनुस या नावाने ओळखले जाते.

डान्झिगच्या हेवेलियसने १६४७ मध्ये ‘सेलेनोग्राफिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्योतिर्विदांची नावे द्यावीत, असा विचार त्याच्याही मनात आला होता. पण वगळलेल्यांचा मत्सर ओढवेल, या भीतीने त्याने तो सोडून दिला आणि पृथ्वीच्या प्राचीन भूगोलातील नावे चंद्रावर नेली. अपेनाइन व आल्प्स ही नावे त्याच्यापासून चालत आली. मात्र विवर व पर्वत यांतील भेद त्या काळी स्पष्ट झालेला नव्हता. म्हणून आज कोपर्निकस म्हणून ओळखले जाणारे विवर हेवेलियसच्या नकाशात एटना पर्वत आहे, आणि टायको हे विवर सिनाई पर्वत आहे.

चारच वर्षांनी, १६५१ मध्ये, बोलोन्याच्या रिच्चोलीने ‘अल्माजेस्टुम नोवुम’ या ग्रंथात ग्रिमाल्दीने काढलेला नकाशा छापला. विवरांना विद्वानांची नावे आणि सागरांना हवामान व मनोवस्था यांची नावे, ही त्याची व्यवस्था. तीच पुढे सर्वमान्य झाली. एटना गेला व कोपर्निकस आला. सिनाई गेला व टायको आला. पर्वतरांगांच्या बाबतीत मात्र हेवेलियसची प्रथा तगली. विवर हे सुटे, गोल व मोजता येण्याजोगे असते, म्हणून एका विवरास एक व्यक्ती ही योजना सोयीची ठरली. शेकडो किलोमीटर पसरलेल्या रांगेला व्यक्तीचे नाव देण्यापेक्षा रांगेचेच नाव देणे वापरणाऱ्यांना अधिक स्वाभाविक वाटले असावे. परिणामी आजची चांद्रनामावली ही दोन प्रतिस्पर्धी पद्धतींची तडजोड आहे : विवरे रिच्चोलीच्या रीतीची, पर्वत हेवेलियसच्या रीतीचे.

ग्रीक अक्षरे व मतभेद

अठराव्या शतकाच्या अखेरीस लिलिएन्थालच्या श्रोटरने एकाकी शिखरांकडे लक्ष वळविले. पीको हे नाव त्याचेच. टेनेरिफ बेटावरील प्रसिद्ध शिखरावरून ते घेतलेले आहे. बर्लिनच्या बेअर व मेडलर या जोडीने १८३४ ते १८३६ या काळात जो नकाशा प्रसिद्ध केला, त्याने चांद्रभूगोलाला शिस्त आणली. सावल्यांच्या लांबीवरून त्यांनी एक हजाराहून अधिक उंची मोजल्या. कॉकेशस, कार्पेथियन व पिरेनीज ही नावे मेडलरने घातली. इतक्या शिखरांना स्वतंत्र नावे देणे अशक्य होते. म्हणून त्याने एक सोपी युक्ती योजली : लहान विवरांना जवळच्या मोठ्या विवराचे नाव व रोमन अक्षर, आणि शिखरांना तेच नाव व ग्रीक अक्षर. ग्रुइटहुइझेन गॅमा व ग्रुइटहुइझेन डेल्टा ही दोन घुमटांची नावे त्या पद्धतीची खूण म्हणून अधिकृत नामावलीत आजही आहेत.

पुढील काळात निसनने १८७६ मध्ये व श्मिटने १८७८ मध्ये आपापले नकाशे काढले, आणि एकाच रचनेला तीन ग्रंथांत तीन नावे, किंवा एकच नाव दोन रचनांना, अशी स्थिती झाली. हा गुंता सोडविण्याचे श्रेय इंग्लंडच्या मेरी ब्लॅग या विदुषीस दिले पाहिजे. तिने मेडलर, निसन व श्मिट यांच्या नावांची तुलनात्मक यादी १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ स्थापन झाल्यावर ते काम त्याच्या कक्षेत आले, आणि ब्लॅग व कार्ल म्युलर यांनी सिद्ध केलेली नामावली १९३५ मध्ये अधिकृत झाली. त्यापूर्वीची नावे ही सूचना होती. त्यानंतरची नावे ही संमती होती.

संमतीनंतरही नावे बदलतात, याचे उदाहरण चंद्राच्या दक्षिण कडेवर मिळते. तेथे क्षितिजावर डोकावणाऱ्या उंच शिखरांना पूर्वी लाइब्निट्स पर्वत व डोर्फेल पर्वत म्हणत असत. पृथ्वीवरून ही शिखरे केवळ कडेने दिसत. त्यांची मांडणी समजत नसे. यानांनी वरून छायाचित्रे घेतल्यावर त्या स्वतंत्र रांगा नसून दक्षिण ध्रुव-एटकेन या महाद्रोणीच्या काठाचे उंचवटे आहेत, असे दिसून आले आणि ती नावे नामावलीतून गळाली. त्याच भागातील ‘लाइब्निट्स बीटा’ असे अनौपचारिकपणे ओळखल्या जाणाऱ्या सपाट माथ्याच्या पर्वतास २०२३ मध्ये मॉन्स मूटन हे नाव मिळाले. मेल्बा मूटन या अमेरिकेच्या अंतराळ संस्थेतील गणितज्ञ होत्या. दक्षिण ध्रुवाजवळ याने उतरविण्याच्या योजना आखल्या जाऊ लागल्या, तेव्हाच या पर्वताला पक्के नाव हवे झाले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

आजचे नियम

सध्या हे काम आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या ग्रहमाला-नामकरण कार्यगटाकडे आहे. हा गट १९७३ मध्ये नेमला गेला. संशोधकाने प्रस्ताव पाठवावयाचा. चंद्रासाठी असलेल्या उपगटाने तो तपासावयाचा. नंतर कार्यगटाने मत द्यावयाचे. आणि मान्य झालेले नाव अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेने सांभाळलेल्या नामसूचीत नोंदवावयाचे, असा क्रम आहे.

नियमांतील मुख्य मुद्दे असे. पर्वतांना साधारणतः पृथ्वीवरील पर्वतांचे किंवा जवळच्या विवराचे नाव द्यावे. व्यक्तीचे नाव द्यावयाचे तर ती व्यक्ती निवर्तून निदान तीन वर्षे झालेली असावीत. राजकीय, लष्करी अथवा धार्मिक अर्थ असलेली नावे घेऊ नयेत. एकोणिसाव्या शतकापूर्वीच्या राजकीय व्यक्ती तेवढ्या अपवाद. नाव सोपे व निःसंदिग्ध असावे आणि शक्यतो त्याची पुनरुक्ती होऊ नये. सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की शास्त्रीय कामासाठी एखाद्या रचनेचा उल्लेख करण्याची गरज असेल तरच तिला नाव द्यावे. केवळ गौरव हा नामकरणाचा हेतू नव्हे.

या शेवटच्या नियमाचा परिणाम विलक्षण आहे. चंद्रावर समुद्रसपाटी नाही, उंची १७३७.४ किलोमीटर या मध्यम त्रिज्येपासून मोजतात. त्या मापाने चंद्रावरील सर्वोच्च स्थान अदृश्य बाजूवर, एंगेलहार्ट विवराच्या परिसरात, सुमारे १०,७८६ मीटरांवर आहे. या स्थानाला अधिकृत पर्वतनाम नाही. उलट अपेनाइन रांगेतील हॅडली हा पर्वत त्याहून कितीतरी ठेंगणा असूनही सुप्रसिद्ध आहे; कारण ३० जुलै १९७१ रोजी अपोलो १५ हे यान त्याच्या पायथ्याशी उतरले. अष्टक-यंत्राशी निगडित असलेल्या जॉन हॅडलीचे नाव पर्वतास होते. त्यावरून शेजारच्या वळणदार घळीस हॅडली घळ हे नाव पडले. अशा रीतीने एक नाव दुसऱ्यास जन्म देते.

दिलीप, ताई आणि सह्याद्रि

चंद्राच्या अदृश्य बाजूस किंग नावाचे सुमारे ७६ किलोमीटर व्यासाचे विवर आहे. त्याच्या मध्यभागी खेकड्याच्या नांगीसारखा दिसणारा शिखरसमूह आहे. या परिसरातील शिखरांची नावे आंद्रे, आर्देशीर, डीटर, गानाऊ व दिलीप अशी आहेत. मॉन्स दिलीप हे नाव १९७६ मध्ये मान्य झाले. रघुवंशातील राजा मराठी वाचकाच्या मनात लगेच उभा राहील. परंतु नामसूचीत या नावाची नोंद ‘भारतीय पुरुषनाम’ एवढीच आहे. फ्रेंच, फारसी, जर्मन, आफ्रिकी व भारतीय अशी सर्वसामान्य व्यक्तिनामे निवडून ती लहान रचनांना देण्यात आली. अपोलो मोहिमांच्या छायाचित्रांवरून मोठ्या प्रमाणाचे नकाशे अमेरिकेत तयार होत होते, आणि त्यांवरील बारीक रचनांना खुणेची नावे हवी होती. म्हणजे चंद्रावरील एका पर्वताला भारतीय नाव मिळाले ते भारताच्या प्रयत्नाने नव्हे, तर दुसऱ्या देशाच्या नकाशाच्या गरजेने.

याच्या उलट उदाहरण चीनचे. चांग-अ ४ हे यान जानेवारी २०१९ मध्ये फॉन कार्मान विवरात उतरले, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये त्या विवराच्या मध्यशिखरास मॉन्स ताई हे नाव मान्य झाले. ताई हा चीनमधील पूज्य पर्वत. चांग-अ ५ नंतर, २०२१ मध्ये, ह्वा व हंग या चिनी पर्वतांची नावेही चंद्रावर गेली. यात नियमाला मुरड घातलेली नाही. पृथ्वीवरील पर्वतांची नावे द्यावीत हा हेवेलियसचाच मार्ग आहे. हेवेलियसला भूमध्य समुद्राभोवतालचा भूगोल परिचित होता, म्हणून अपेनाइन आला. चिनी संशोधकांस आपला भूगोल परिचित होता, म्हणून ताई आला.

अधिकृत नामावलीत चंद्रावर हिमालय नाही, विंध्य नाही, सह्याद्रिही नाही. भारतीय विवरनामे मात्र आहेत. भाभा, बोस, मित्र व साहा ही नावे १९७० मध्ये, साराभाई हे १९७३ मध्ये, रामन हे १९७६ मध्ये व आर्यभट हे १९७९ मध्ये मान्य झाले. चंद्रयान ३ हे २३ ऑगस्ट २०२३ रोजी जेथे उतरले, त्या स्थळाचे शिवशक्ती हे नाव १९ मार्च २०२४ रोजी नामसूचीत दाखल झाले. या नोंदीपुरते भारताने स्वतःच्या मोहिमेच्या बळावर नाव दिले, असे म्हणता येते.

१८९८ च्या ग्रहणाकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे नामावलीतील विषमता स्पष्ट होते. त्या ग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला. विजयदुर्गास लॉकियर होते. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे लिक वेधशाळेचे कॅम्बेल होते. विदर्भातील तळणी येथे मॉन्डर पतिपत्नी होती. या सर्वांची नावे चंद्रावर आहेत. जेऊर येथेच पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे प्रा. कावसजी दादाभाई नायगामवाला यांनीही वेध घेतले व त्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांचे नाव चंद्रावर नाही. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या १८९६ मधील ग्रंथाचे कर्ते शंकर बाळकृष्ण दीक्षित हे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडचे. त्यांचेही नाव नाही. नियमांच्या दृष्टीने ही दोन्ही नावे विवरांसाठी पात्र ठरतील. परंतु पात्रता म्हणजे प्रस्ताव नव्हे, आणि प्रस्तावास आधी नाव नसलेल्या एखाद्या रचनेचे प्रत्यक्ष संशोधन लागते.

मराठी लेखनातील प्रश्न

या नावांचे मराठीत काय करावे, हा प्रश्न अध्यापनात वारंवार उपस्थित होतो. विशेषनामाचे भाषांतर करू नये, हा सर्वसाधारण संकेत पर्वतांना पूर्णपणे लागू करता येतो. जातिवाचक शब्द मात्र मराठीत आणण्यास हरकत नाही. त्यानुसार मॉन्स हॅडली यास ‘हॅडली पर्वत’, मॉन्स पीको यास ‘पीको शिखर’ आणि माँतेस आपेनिनुस यास ‘अपेनाइन पर्वतरांग’ म्हणणे इष्ट. पृथ्वीवरील अपेनाइनशी घोटाळा होण्याचा संभव असेल तेथे ‘चांद्र’ हे विशेषण जोडावे. सागरांची नावे अर्थवाहक असल्याने त्यांचे भाषांतर रूढ होऊ शकते. पर्वतांची तशी नाहीत.

दिशांविषयीही सावधगिरी हवी. १९६१ पूर्वीच्या ग्रंथांत चंद्रावरील पूर्व-पश्चिम आकाशातील दिशांप्रमाणे दिलेली असे. त्या वर्षी संघाने चंद्रावर उभ्या असलेल्या निरीक्षकाच्या दिशा स्वीकारल्या. कॉर्डिलेरा व रूक या रांगांनी वेढलेल्या मारे ओरिएंताले या सागराच्या नावाचा अर्थ ‘पूर्वेचा’ असा असून तो आज पश्चिम कडेवर गणला जातो, याचे कारण हेच. दिशा बदलल्या, नाव तसेच राहिले.

उपसंहार

चंद्रावरील पर्वताचे नाव तीन गोष्टींवर अवलंबून असते : नकाशाची गरज, नकाशाकाराची परंपरा आणि सर्वांची संमती. पहिली दोन साधली तर तिसरी बहुधा मिळते. केवळ अभिमानाने तिसरी मिळत नाही. चंद्रयान २ चा परिभ्रमक २०१९ पासून चंद्राभोवती फिरत आहे आणि त्याच्या उच्चक्षम कॅमेऱ्याने एक मीटरहूनही लहान तपशील टिपता येतात. त्या छायाचित्रांवर भारतीय विद्यापीठांतून भूरूपांचे सविस्तर अध्ययन झाले, आणि एखाद्या निनावी शिखराचा उल्लेख शोधनिबंधात पुन्हा पुन्हा करावा लागला, तर ‘सह्याद्रि’ या नावाचा प्रस्ताव नियमाच्या चौकटीत सहज बसेल. तो मान करण्याचा प्रस्ताव राहणार नाही, तर कामाची सोय म्हणून मांडलेला असेल. आणि नामावलीत नावे टिकली आहेत ती अशाच कामाच्या आधारावर. विजयदुर्गाच्या ओट्यांना नाव पडले ते तेथे कोणीतरी येऊन वेध घेतल्यामुळे. चंद्रावरील शिखरांनाही तोच न्याय लागू आहे.